पाकिटावर काय नको

नाशिकमध्ये आदिवासी भागातला कुठलाही माल विकायला ठेवायचा म्हटलं की 'वारली चित्र टाका ना त्यावर' असं कुणी ना कुणी सुचवतंच. मध असो, हातसडीचा तांदूळ असो, मोहाचे लाडू असोत. त्रिकोणी अंगाची माणसं, मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचाचा फेर. मी ग्राफिक डिझायनर आहे, कोकणा आदिवासी आहे आणि माझं गाव सुरगाणा तालुक्यात आहे. गावातल्या बायकांच्या बचत गटाने नागलीच्या (नाचणीच्या) पापडांचं आणि पिठाचं लेबल करायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत हेच वाक्य आलं. बाहेरच्या कुणाकडून नाही, गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकीकडून. "ती वारल्यांची चित्रं टाक पोरी, म्हणजे लोकांना कळेल आपण आदिवासी आहोत."

काकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शनं भरतात, तिथे स्टॉल लावून तिने जे पाहिलं होतं तेच ती बोलत होती. गिऱ्हाईक चित्र बघून थांबतं, चित्र बघूनच 'हे आदिवासींचं का?' म्हणून विचारतं. पण आमच्या गावात लग्नात भिंतीवर तसा चित्रांचा चौक लिहीत नाहीत. तो वारल्यांचा आहे. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो लिहितात, आत पालघट देवी असते आणि लग्न लावणाऱ्या धवलेरी बायका गाणी म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, कागद आणि रंग दिले, आणि भिंतीवरचं हे काम कागदावर आलं. त्यातून जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा मोठा चित्रकार जगासमोर आला; २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालेलं आहे. म्हणजे ती कुणाची आहे हे कायद्यानेही मान्य केलेलं आहे. मग आम्हीच, शेजारच्या जमातीने, ती उचलून आपल्या पाकिटावर का छापायची?

हे मी बैठकीत बोलले तेव्हा थोडी शांतता झाली. मग मागे बसलेली एक आजी म्हणाली, "आपला पाहुणा आहे तो वारली, त्याच्या घरातलं आपण कसं विकायचं?" आमच्या भागात कोकणा, वारली, महादेव कोळी अशी गावं शेजारी शेजारी आहेत, एकमेकांच्या उत्सवांना जाणं-येणं आहे. शहराला मात्र आम्ही सगळे एकच दिसतो. २०११च्या जनगणनेप्रमाणे नाशिक जिल्ह्यातला दर चौथा माणूस अनुसूचित जमातीतला आहे. आदिवासी विकास आयुक्तालयाचं मुख्यालय याच शहरात आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला, काढणीला सुरगाणा-पेठची माणसं असतात. मार्च २०१८मध्ये शेतकऱ्यांच्या मोर्चात लाल टोप्या घालून नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्यांत माझ्या तालुक्यातली माणसं होती. इतकं रोजचं येणं-जाणं असूनही शहराकडे आमच्यासाठी एकच चित्र आहे आणि तेही आमचं नाही. लेबलाच्या कामात मला खरा रस इथे लागला. विकण्यासाठी आपल्याला दुसऱ्याचं सोंग घ्यावं लागू नये, हे मला मनापासून वाटतं.

मग आपलं काय आहे? हा प्रश्न विचारायला सोपा आहे आणि उत्तरं तर ढीगभर आहेत. डोंगऱ्या देव आहे. मार्गशीर्षात माणसं व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्ररात्र फिरतात, शेवटी डोंगरावर देवाला जातात. वाघदेव आहे, वाघबारसेला ज्याची पूजा होते, ज्याच्या लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे आहेत. आणि कणसरी आहे, धान्याची माता. नवीन धान्य आधी तिला दाखवायचं, मग घरात खायचं. थाळकरी काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतो, ती बोटांनी ओढत राहतो, त्या घुमणाऱ्या सुरावर तिची कथा रात्रभर चालते.

डिझायनर म्हणून माझा हात सगळ्यात आधी कणसरीकडेच गेला असता. नागलीचं पाकीट आणि धान्याची देवी, याहून नेमकी जोडी कुठली? शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत हे मांडलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. कथा आहे, दृश्य आहे, बाजारात दुसऱ्या कुणाकडे नाही. पण मी हे चित्र काढायला घेतलंच नाही, कारण पाकिटाचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. पापड संपले की पाकीट चुरगळून ओल्या कचऱ्यात जातं, घंटागाडीत पडतं, नाहीतर नाल्यात. आमच्या घरात सांडलेला दाणासुद्धा पायदळी येऊ देत नाहीत. खळ्यावर चपला घालून कुणी जात नाही. त्या कणसरीचं चित्र कचऱ्याच्या डब्यात जाणार असेल तर ते मला करायचं नाही. एवढ्यावर मी थांबले नाही, गावातल्या थाळकऱ्या आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, "तिची कथा ऐकायची तर रात्र जागावी लागते. पाकिटावर ती कशी मावेल?" मुखवट्यांचंही असंच. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे गावात ठरलेलं असतं. ज्या घराचा मान आहे त्याला न विचारता तो चेहरा छापला तर पुढच्या बोहाड्याला गावाला तोंड कसं दाखवायचं?

बाहेरचा डिझायनर आला असता तर त्याला हे कळलं नसतं असं मी म्हणत नाही. चांगला असता तर त्यानेही विचारलं असतं. पण त्याला 'हो' म्हणायला आमची माणसं कमी वेळ घेतात. शहरातून आलेल्या, गाडीतून उतरलेल्या, लॅपटॉप उघडून दाखवणाऱ्या माणसाला आमच्याकडे पटकन कुणी नाही म्हणत नाही. मला म्हणतात. मला तर चहाच्या आधीच म्हणतात. म्हणून माझ्या मते आपल्या लोकांसाठी डिझाइन करताना आपल्याकडे असलेली मोठी गोष्ट म्हणजे लोककला किंवा चिन्हं यांची माहिती नव्हे. ती पुस्तकातही मिळते. आपल्याकडे असतो तो हा नकार, आपण द्यायचा आणि त्यांच्याकडून घ्यायचाही.

याच कारणासाठी मी फी घेतली. नाशिकच्या माझ्या काही मित्रमैत्रिणींना हे खटकलं. आपल्याच बायांकडून पैसे? मी थोडेच घेतले, हप्त्याने घेतले, पण घेतले आणि गटाच्या वहीत ते खर्च म्हणून लिहायला लावले. फुकट केलेलं काम कुणी परत पाठवत नाही. उपकार म्हणून दिलेलं लेबल कसंही असलं तरी 'छान आहे बाई' म्हणून भिंतीला टांगलं जातं आणि माल जुन्याच पिशवीत विकला जातो. पैसे मोजले की काकी चष्मा लावून लेबल उलटंसुलटं करते, अक्षर बारीक आहे म्हणते, बदलून आण म्हणते. मला ते हवं होतं.

आणि त्यांनी बदलून आणायला लावलंच. पहिल्या नमुन्यात पाकीट पूर्ण छापील होतं, दिसायला देखणं. बायकांनी ते हातात घेऊन दाबून पाहिलं, उजेडाकडे धरलं. "आत काय आहे ते दिसत नाही. मोडके पापड भरलेत असं वाटेल." खरं होतं. पापडाचं गिऱ्हाईक पापड पाहूनच घेतं. शिवाय पूर्ण छापील पाउच परवडणाराही नव्हता. रोटोग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्याचा खर्च निघायला हजारोंच्या संख्येने पाउच घ्यावे लागतात, आणि गटाचा माल हंगामी. त्यामुळे साधा पारदर्शक पाउच आणि त्यावर स्टिकर, हेच ठरलं. स्टिकरचे कोपरे गोल केले, कारण आमच्याकडचा पाऊस असा की चौकोनी स्टिकरची टोकं आधी उचलतात, मग त्यांत धूळ बसते. अंबडच्या छापखान्यात हे सांगितलं तेव्हा तिथल्या मुलाने लगेच गोल कोपऱ्यांची डाय (कापायचा साचा) काढून दाखवली. हे सगळं रोजचं काम आहे, कुठल्याही लेबलाला लागतं ते. पण 'आदिवासी माल' म्हटला की लोक हे विसरतात आणि गोणपाट, सुतळी, वाळलेलं पान असा साज चढवायला लागतात. आमच्या बायका पापड स्टीलच्या डब्यात ठेवतात. पाकीट स्वच्छ, चकचकीत, नीट सील केलेलं असावं अशी त्यांची इच्छा आहे, आणि ती मला पूर्ण रास्त वाटते.

रंगावर मात्र मी बराच वेळ घालवला. नागलीचे दाणे मूठभर पांढऱ्या कागदावर ओतले आणि खिडकीशी बसले. लांबून ती विटकरी दिसते. जवळून पाहिलं तर एकही दाणा दुसऱ्यासारखा नाही. काही जांभळटपणाकडे झुकलेले, काही तांब्यासारखे, काही जवळजवळ काळपट, आणि प्रत्येकावर सुईने टोचल्यासारखा एक बारीक ठिपका. दळलं की हा सगळा रंग राखाडी होतो, त्यात किंचित गुलाबी छटा. उकड काढून, जिरं, तीळ, पापडखार घालून लाटला की पापड तपकिरी, आणि तळला की गडद चॉकलेटी. शहरातल्या गिऱ्हाइकाला हा काळेपणा खटकतो, "उडदाचे पांढरे नाहीत का?" असं स्टॉलवर बायकांनी कितीदा ऐकलंय. म्हणून ठरवलं की लेबलाचा रंग दाण्याचा घ्यायचा, सगळ्यांत गडद दाण्याचा, आणि अक्षरं त्यात पांढरी सोडायची. गोरं करायचं नाही. पापडाच्या ढिगावर ते लेबल ठेवलं की दोन्ही एकाच घरचे वाटतात.

अक्षराबद्दल एकच सांगते. 'नागली' लिहिताना ल मराठी वळणाचा असावा, यासाठी मी हट्ट धरला. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आपोआप येतो, मराठी वळण मुद्दाम निवडावं लागतं. महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही मराठीसाठी हेच वळण दिलेलं आहे. गटातल्या ज्या बायका सही शिकल्या त्या याच वळणाने शिकल्या. त्यांना आपल्या मालाचं नाव अडखळत वाचावं लागू नये.

मागची बाजू सरकारी मजकुराने भरते: चौकटीतला हिरवा ठिपका, अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, वजन, किंमत, बॅच, तारीख, घटक. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला पाहिजे असा नियम आहे. मराठी वर घालता येते, पण नियमाला ती पुरत नाही. म्हणून इंग्रजी खाली, लहान, नियमाला लागेल तेवढ्याच आकारात, आणि वरची जागा मराठीला.

त्या जागेत काय लिहायचं? एका दुकानदाराने सांगितलं, ऑरगॅनिक लिहा, किंमत वाढवून मिळेल. आमच्या डोंगरउताराच्या नागलीला रासायनिक खत घालत नाहीत हे खरं आहे. पण तो शब्द लेबलावर लिहायला प्रमाणपत्र लागतं आणि ते गटाकडे नाही. तेव्हा तो लिहिला नाही. त्याऐवजी नागली कशी होते ते चार ओळींत लिहिलं. उन्हाळ्यात राब भाजतात: फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण असे थर एका तुकड्यावर पसरून पेटवतात, त्या राखेच्या जमिनीत बी पेरतात, पहिल्या पावसावर रोपं येतात, मग ती उपटून उतारावर लावतात, दिवसभर वाकून, चिखलात, डोक्यावर इरलं किंवा आता प्लास्टिकचा कागद. पुढे निंदणी, कापणी, मळणी. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हेही लिहिलं, कारण २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून शहरातली माणसं ते विचारतात. पण राबाच्या ओळी वर ठेवल्या. कॅल्शियम कुठल्याही नागलीत आहे, तो राब आमच्या उतारावरचा आहे.

फोटोचा विषय निघाला आणि लगेच मिटला. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर गोंदण, गळ्यात चांदी, बोळकं हसू. असा आजीचा फोटो लावला की माल खपतो, हे मला धंद्यात राहून माहीत आहे. गटात अशा आज्या आहेतही. एकीला विचारलं तर ती म्हणाली, "माझा फोटो पाकिटावर लावलास तर वणीच्या बाजारात मी कशी जाऊ? लोक मला ओळखतील आणि मी त्यांना ओळखणार नाही." पाकीट हातात घेणाऱ्याने तिच्याकडे बघावं आणि तिला बघणारा कधीच दिसू नये, हा सौदा तिला मान्य नव्हता. चेहऱ्याऐवजी काय, यावर बायकांचं लगेच एकमत झालं: गावाचं नाव. मोठं. ब्रँडच्या नावाइतकंच मोठं. मला रचनेच्या दृष्टीने ते जड वाटत होतं, दोन मोठी नावं एकमेकांना ढकलतात. पण त्यांना ठाम वाटत होतं, आणि का ते कळतही होतं. द्राक्षाच्या पेट्यांवर बागाइतदाराचं नाव असतं, पॅकहाउसचं असतं, गावाचंही असतं. ज्यांनी घड विरळले, कापले, पेटीत भरले त्यांच्या गावाचं नाव कधी कुठे आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाच्या पेट्या भरल्यावर आपल्या पेटीवर आपलं गाव मोठं हवं, यात रचनेचा मुद्दा पुढे करणं मला शोभलं नसतं. मी ब्रँडचं नाव लहान केलं.

आता त्यातून पुढचं काम उभं राहिलंय. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला नागलीचं पीठ मोठ्या प्रमाणात हवं आहे, पण त्याच्या स्वतःच्या नावाने पॅक करून. दर बरा देतोय. गटात दोन तट पडले. तरुण सुनांचं म्हणणं, पैसा येतोय तर घ्यावा, प्रदर्शनांत उभं राहून पाय दुखतात. काकीचं म्हणणं, मग पुन्हा आपण दुसऱ्याच्याच पेट्या भरायच्या का? मला दोन्ही बाजू पटतात आणि मत द्यायचा अधिकार माझा नाही, मी गटाची सभासद नाही. मी एवढंच केलं की लेबलाच्या सगळ्या फाइल गटाच्या नावाने पेन ड्राइव्हमध्ये दिल्या, आणि एका पानावर मराठीत लिहून दिलं की हे नाव आणि ही रचना गटाच्या ठरावाशिवाय कुणालाही वापरता येणार नाही, मलाही नाही. ट्रेड मार्क कायद्यात संघटनेच्या नावाने सामूहिक चिन्ह नोंदवता येतं. तालुक्यातले आणखी गट एकत्र आले तर त्या दिशेने जायचं ठरतंय. व्यापाऱ्याला त्यांनी कळवलंय: पीठ तुमच्या नावाने घ्या, दर हाच, पण पाकिटावर आमच्या गावाचं नाव राहील. पापड आमच्याच पाकिटात जातील. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

तोवर मी वरईचं, म्हणजे भगरीचं, लेबल हातात घेतलंय. नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्या आहेत, एकादशीला घरोघरी भगर शिजते, पण ती कुठल्या उतारावर पिकते हे खाणाऱ्याला पाकिटावरून कळत नाही. वरईचा सडून टरफल काढलेला दाणा पांढुरका, त्यामुळे नागलीचा गडद रंग तिथे चालणार नाही. काकीने आधीच बजावून ठेवलंय की हिरवा नको, हिरवा दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर असतो. मी न सडलेली वरई मागवली आहे, टरफलासकट. तिचा रंग आधी बघते.